आहुपे ते भोरगिरी: भीमाशंकरच्या रानात चार दिवस

आईला भीमाशंकरचं दर्शन घ्यायचं होतं आणि मला भीमाशंकरचं रान बघायचं होतं. दोघींचं एकत्र जमायला सहा वर्षं लागली. शेवटी यंदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. देवळापासून सुरुवात करायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. आधी घाटमाथ्यावरच्या आहुप्याला दोन रात्री, मग भीमाशंकर आणि शेवटी अभयारण्यातून पायी भोरगिरीला उतरायचं. आई बासष्ट वर्षांची. रोज सकाळी पुण्यातली तळजाईची टेकडी चढते, त्यामुळे चालण्याची काळजी नव्हती. काळजी होती ती उन्हाची.

दिवस पहिला: मंचर, डिंभे, आहुपे

शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडून मंचरला उतरलो. मंचरला आलात तर मासवडी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत तीळ, खोबरं आणि कांद्याचं सारण भरून वळलेल्या वड्या, सोबत काळ्या मसाल्याचा पातळ, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मासा औषधालाही नसतो, आकारावरून नाव पडलंय. आंबेगाव-जुन्नर भागातल्या घराघरांत हा पाहुणचाराचा पदार्थ आहे. रश्श्यातलं खोबरं चुलीत भाजलेलं आहे, हे आईने पहिल्या घासाला ओळखलं.

घोडेगावहून पुढे वडापची जीप. डिंभे धरण मागे टाकलं की रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं असतं, काठाला भेगाळलेल्या गाळाचे पट्टे उघडे पडतात. आमच्या जीपवाल्या दादांनी वळणावर गाडी हळू करून पाण्याकडे बोट दाखवलं.

“तालुक्याला नाव आंबेगाव, आणि आंबेगाव हितं पाण्याखाली. माझ्या आज्याचं घर त्या तिथं होतं.”

घोड नदीवर हे धरण झालं आणि तालुक्याला नाव देणारं गावच बुडालं. माणसं वर डोंगराच्या अंगाला सरकली. पाणी ओसरलं की काहीजण गाळपेर जमिनीत उन्हाळी पीक घेतात. दादा हे सगळं साध्या आवाजात सांगत होते. आई मात्र त्यानंतर बराच वेळ गप्प होती. तिचंही माहेर धरणात गेलेलं आहे, दुसऱ्या जिल्ह्यातलं, दुसऱ्या नदीवरचं.

दुपारी तीनच्या सुमाराला आहुप्याला पोचलो. गाव लहान, महादेव कोळी समाजाचं, अगदी सह्याद्रीच्या कड्यावर वसलेलं. ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन. बाहेर उन्हाचा कडाका असताना आत बसल्या बसल्या घाम वाळला.

पाण्याबद्दल एक गोष्ट जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पावसाळ्यात हा सगळा घाटमाथा महिनोन्महिने ढगात असतो, नदीनाले फुगतात, पण कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही. मे महिन्यात गावातल्या बायका उतारावरच्या झऱ्यावरून हंडे आणतात. मावशींची सून आम्ही यायच्या आधी दोन खेपा करून आली होती. आम्ही दोघींनी दोन दिवस एका बादलीत भागवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीही एक कळशी घेऊन तिच्यासोबत गेले. जाताना दहा मिनिटं लागली. येताना मला तीन वेळा थांबावं लागलं. ती माझ्यासाठी थांबत होती.

संध्याकाळी कड्यावर गेलो. गावाबाहेरच्या माळावरून सरळ पश्चिमेला चालत गेलं की जमीन अचानक संपते. खाली मुरबाडकडचं कोकण, मधे भिंतीसारखा तुटलेला कडा, आणि समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके आपल्या पायांच्या खाली. डावीकडे सिद्धगडाचा राकट माथा. आहुपे घाटाची जुनी पायवाट इथूनच खोपिवलीला उतरते. मावशींचे सासरे, ज्यांना सगळं गाव बाबा म्हणतं, ते आमच्यासोबत आले होते. तरुणपणी ते याच घाटाने डोक्यावर ओझं घेऊन खाली जायचे आणि मीठ, सुकट घेऊन परत यायचे. एका दिवसात.

कड्यावर कठडा नाही, आणि वारा अंगाला ढकलतो. सेल्फीसाठी टोकाला जाऊ नका. बाबा पोटावर पालथे पडून खाली डोकावले आणि आम्हालाही तसंच बघायला लावलं. कोकणातून वर चढणारा दमट वारा थेट तोंडावर आला. “आलंय जवळ,” बाबा म्हणाले. पाऊस म्हणायचं नाही, एवढा त्यांचा नेम. रोहिणी लागून चार दिवस झाले होते, भाताची रोपं टाकायची राबाची जमीन भाजून, नांगरून तयार होती आणि निम्म्या गावाने धूळवाफेवर पेरूनही टाकलं होतं. कोरड्या मातीत बी टाकायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं. पाऊस लांबला तर ते बी मुंग्या नेतात, पाखरं टिपतात.

दिवस दुसरा: देवराई, हिरडा आणि काजवे

पावशा पहाटेच ओरडायला लागला. ‘पेरते व्हा’ असं तो सांगतो, हे लहानपणापासून ऐकलंय, पण ज्यांनी खरंच पेरलंय त्यांच्या अंगणात बसून ऐकताना ते वेगळं वाटलं. मावशी चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या थापत होत्या. भाकरीबरोबर कारळ्याची चटणी, कडव्या वालाची उसळ आणि कच्च्या करवंदांचं ताजं लोणचं. वाफाळलेला रायभोग तांदळाचा भात दुपारी मिळाला. हा इथला जुना, सुवासिक वाण. आईने दोन किलो विकत मागितला, तर मावशींनी आधी घरात वर्षाचा साठा पुरेल का ते बघितलं आणि एकच किलो दिला. मला ते फार आवडलं.

सकाळी सातला भैरवनाथाच्या देवराईत गेलो. बाबांनी राईच्या तोंडाशी चपला काढल्या, आईनेही काढल्या. मी बूट घालून होते, मीही काढले. आत गेल्यावर पहिली जाणीव पायांना झाली. इतका वेळ तापलेला मुरूम होता, इथे पालापाचोळ्याची गार, दबणारी गादी. वर बघितलं तर आभाळ नाहीच. जांभूळ, आंबा, हिरडा, अंजनी, पिसा, उंबर असे किती तरी वृक्ष, आणि त्यांच्यामधून मनगटाएवढ्या, कुठे मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली झोपाळ्यासारख्या लोंबलेल्या. गारंबीची शेंग हातभर लांब असते. खाली पडलेल्या एका शेंगेत चॉकलेटी, गुळगुळीत बिया होत्या. मी एक उचलली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्या हाताकडे बघत राहिले. मी ती परत ठेवली.

“इथली काडी पण बाहेर जात नाय,” ते मग म्हणाले. “झाड पडलं तरी इथंच कुजणार. देवाचं हाय ते.”

वाटेतच एक भलामोठा खोड आडवा पडला होता. २०२० च्या जूनमधलं निसर्ग चक्रीवादळ या पट्ट्यातून गेलं, तेव्हा पडलेला, असं बाबांनी सांगितलं. त्यावर शेवाळं, अळंब्या, आणि त्याच्या कुशीत जांभळाची कमरेएवढी पाच-सहा रोपं. लाकूड नेलं असतं तर त्या रोपांना हा ओलावा मिळाला नसता.

पश्चिम घाटातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला. आजूबाजूचं रान तुटून गेलं तरी देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत मूळचं जंगल टिकून राहिलं, ही गोष्ट त्यांच्यामुळे अभ्यासकांच्या जगापर्यंत पोचली. भीमाशंकर अभयारण्य झालं ते १९८५ मध्ये. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. त्याआधी कित्येक पिढ्या ही राई बाबांच्या वाडवडिलांनी कुठल्याही कायद्याशिवाय राखली. अभयारण्य हवंच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या रानाचे पहिले राखणदार कोण, हे तिथल्या फलकांवरही लिहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

आई देवासमोर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. देऊळ म्हणजे काय, तर शेंदूर लावलेले तांदळे, म्हणजे न घडवलेले दगड, आणि थोडं दगडी काम. परतताना म्हणाली, “इथं घंटा वाजवावीशी वाटली नाही गं.”

दुपारी घराच्या पडवीत हिरड्याची पोती बघितली. या भागातल्या आदिवासी घरांचा वर्षाचा रोख पैसा मोठ्या प्रमाणात या एका झाडावर उभा आहे. आत बी धरण्याआधीच, उन्हाळ्याच्या तोंडाला, कोवळी फळं काढतात, वाळवतात, ती काळी सुरकुतलेली होतात. तोच बाळहिरडा. आयुर्वेदातल्या औषधांना जातो. पिकलेला मोठा हिरडा कातडी कमवायला आणि रंगालाही लागतो. झाडावर चढून फांदीच्या टोकापर्यंत जाणं जोखमीचं. मावशींच्या धाकट्या दिराचा पाय अशाच एका झाडावरून पडून मोडला होता. भाव व्यापारी ठरवतो त्यावर असतो. वादळात जुनी झाडं मोडली, त्यांची जागा नवीन झाड घ्यायला निम्मं आयुष्य जातं, असं मावशी म्हणाल्या.

बाळहिरडा हातात घेताच आईचा चेहरा उजळला. माझ्या बाळगुटीत सहाणेवर किती वळसे हिरडा उगाळायची, ते तिने मावशींना सांगितलं, मावशींनी त्यांचे वळसे सांगितले, आणि दोघींचं असं काही जमलं की पुढचा तासभर मला तिथे काही काम नव्हतं. ज्याला घरी आई नाही त्याची आई हिरडा, असं जुनं वचन आहे. ते आईने म्हटलं आणि मावशींनी मान डोलावली. माझ्या भावाला चार महिन्यांची मुलगी आहे. निघताना मावशींनी निवडून पाच हिरडे तिच्यासाठी बांधून दिले, पैसे घेतले नाहीत.

मधल्या वेळात करवंदं. गावामागच्या उतारावर जाळ्या काळ्याभोर लगडल्या होत्या. मुलं पळसाच्या पानाचे द्रोण करून आमच्याही हातात देत होती. जाळीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. सावलीला साप बसलेले असतात.

आणि मग रात्र. काजव्यांसाठीच मी हा आठवडा निवडला होता. मेच्या शेवटापासून पहिला जोराचा पाऊस होईपर्यंतचे दिवस त्यांचे. अमावास्या तीन दिवसांवर होती, त्यामुळे अंधार दाट. मावशींच्या मुलाने आम्हाला गावाच्या कडेच्या ओढ्यापाशी नेलं. रानात रात्री शिरायचं नाही, हा नियमही आहे आणि शहाणपणही, कारण बिबट्या याच ओढ्यावर पाण्याला येतो.

पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग एका उंबराच्या बुंध्याशी दोन-चार ठिपके. मग एक झाड पेटलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. हजारो काजवे एकाच लयीत उजळत होते आणि एकाच क्षणी विझत होते. उजेड बुंध्यापासून शेंड्याकडे लाटेसारखा सरकायचा, क्षणभर पूर्ण काळोख, पुन्हा लाट. शेजारच्या झाडाने थोड्या वेळाने तीच लय धरली. मला वाटलं होतं ते पाचेक मिनिटांत बघून होईल. आम्ही दीड तास बसलो. आईने माझा हात धरला होता आणि झाड विझलं की ती श्वास रोखायची, हे मला तिच्या बोटांवरून कळत होतं.

उजेड पाडत फिरतात ते नर. मादी खाली गवतात, झुडपात बसून उत्तर देते. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून ओल्या मातीत, पाचोळ्यात जातं, तिथे ती गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटल्यावर उरतात ते थोडे दिवस. त्या थोड्या दिवसांत जोडीदार सापडला नाही तर पुढच्या वर्षीचं झाड अंधारात राहतं. म्हणून त्या रात्री जे घडलं ते लिहायलाच हवं. शहरातून आलेला एक मोठा गट तिथे पोचला, गाड्यांचे दिवे चालू, मोबाईलचे टॉर्च झाडावर रोखलेले, मोठ्याने गाणी. झाड बघता बघता विझलं आणि अर्धा तास पुन्हा लागलं नाही. मावशींच्या मुलाने जाऊन हात जोडून विनंती केली. काहींनी ऐकलं.

काजवे बघायला जाल तर गाडी गावात ठेवा, बॅटरीला लाल कागद लावा आणि ती पायांकडे धरा, फोटोचा नाद सोडा, अंगाला कीटकनाशक मलम चोपडू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. एकही काजवा बाटलीत भरू नका, मुलांनाही भरू देऊ नका.

दिवस तिसरा: भीमाशंकर

निघताना मावशींनी आईची ओटी भरली. परत डिंभ्यापर्यंत खाली येऊन पोखरीचा घाट चढून तळेघर, निगडाळे करत दुपारी भीमाशंकरला पोचलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुक्काम निगडाळ्यात घेतला होता. देवळाशेजारच्या गजबजाटापेक्षा हे बरं पडतं, आणि पहाटे रान दाराशी असतं.

शनिवार होता, गर्दी होती. वाहनतळापासून देवळापर्यंत दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून जावं लागतं, दोन्ही बाजूंना दुकानं. रांगेत तीन तास लागले. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी येताना चढ आहे हे धरून चालावं, डोली मिळते. जमलं तर मधल्या वाराला या.

देऊळ खोलगट जागी, झाडीने वेढलेलं. शिखर आणि सभामंडपाचं काम नाना फडणवीसांनी केलेलं. आवारातली मोठी पोर्तुगीज घंटा मात्र सगळ्यांनी थांबून बघावी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या देवळांत गेल्या, त्यातली ही एक. समुद्रकाठच्या प्रार्थनेसाठी ओतलेली ही घंटा पावणेतीन शतकांहून जास्त काळ या ढगांत लटकतेय.

आईला पिंडीला हात लावता आला. बाहेर येऊन तिने मला त्रिपुरासुराची गोष्ट सांगितली. युद्ध संपवून थकलेला शंकर या डोंगरावर टेकला आणि त्याच्या अंगावरून निथळलेल्या घामातून भीमा वाहू लागली. वारकरी घरातली आहे ती. तिला भीमा म्हणजे चंद्रभागा. आठशेहून जास्त किलोमीटर वाहत रायचूरजवळ कृष्णेला मिळणारी नदी पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते ते तिने आयुष्यभर बघितलं, उगम मात्र पहिल्यांदा बघत होती.

प्लास्टिकबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुकानांच्या मागच्या उतारावर बाटल्या, वेष्टनं, हारांच्या पिशव्या थेट रानात ओघळलेल्या आहेत. पावसाळ्यात हे सगळं त्याच भीमेत जाणार. आईने दुसऱ्या दिवशीच्या वाटेसाठी पाणी स्टीलच्या बाटल्यांत भरून घेतलं आणि प्रसादाची पिशवी नाकारून पेढे पदरात घेतले.

संध्याकाळी निगडाळ्यातला एक तरुण आम्हाला रस्त्यालगतच्या झाडीत घेऊन गेला. भोरगिरीपर्यंत वाट दाखवायलाही तोच येणार होता. शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, दिसलं नाही, घरटी दिसली. उंच झाडाच्या बारीक फांद्यांच्या टोकाशी काटक्या आणि पानांचे मोठे गोळे. एक शेकरू अशी कितीतरी घरटी बांधतं, पिलं एकात असतात, बाकीची झोपायला, विसाव्याला. जड जनावर पोचू नये म्हणून फांदीच्या टोकाला. वनखातं शेकरूंचा अंदाज काढतं तेही घरटी मोजून.

“ताई, वर बघत चला,” तो म्हणाला. “फांदीला फांदी लागलेली कुठवर हाय ते बघा. तिथवरच त्याचं गाव.”

हे एक वाक्य मला चारही दिवसांच्या प्रवासाचं सार वाटतं. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. वरच्या वर, झाडाझाडांतून जातं. छत तुटलं की वाट तुटली. डांबरी रस्ता जिथे रुंद केलाय तिथे वर आभाळाची मोकळी फट पडलेली, आणि दोन्ही बाजूंची घरटी एकमेकांसमोर, मधे काही नाही. थोडं पुढे एका जागी जांभूळ आणि आंबा रस्त्यावरून एकमेकांत गुंतलेत. त्याने तिथेच उद्या सकाळी सहाला यायला सांगितलं.

दिवस चौथा: शेकरू, गुप्त भीमा, भोरगिरी

पावणेसहालाच जाऊन उभ्या राहिलो. धुकं होतं, उन्हाळ्यातलं, पातळ. आधी आवाज आला, कडक, खडखडीत, कुणी सुकी शेंग वाजवावी तसा. मग फांदी हलली आणि आंब्याच्या आडव्या फांदीवर ते आलं.

चित्रात बघितलेलं शेकरू आणि हे यांत फार अंतर आहे. आधी त्याचा आकार. मांजराएवढं अंग आणि त्याहून लांब, झुबकेदार शेपूट. पाठ तांबूस, गर्द विटकरी, पोट फिकट पिवळसर, आणि शेपटीचं टोक पांढरट, जणू चुन्यात बुडवलेलं. मागच्या पायांवर बसून, पुढच्या दोन हातांत आंबा धरून ते खात होतं. साल खाली पडत होती, आमच्या पायांपाशी. खाऊन झाल्यावर कोय टाकली, तोंड पुसलं, आणि फांदीच्या टोकाकडे धावत जाऊन रस्त्यावरच्या त्या एकाच जोडलेल्या जागेवरून पलीकडच्या जांभळात गेलं. उडी मारायची गरजही पडली नाही. गरज पडली तर वीस फुटांची उडी मारतं, असं आमचा वाटाड्या म्हणाला.

महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी, आणि हे अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठीच जाहीर झालं. ती दोन झाडं कुणी तोडू नयेत, एवढीच माझी इच्छा आहे. रस्त्याच्या कामाचे पांढरे पट्टे शेजारच्या झाडांवर मारलेले मी बघितलेत.

साडेसातला भोरगिरीची वाट धरली. देवळाच्या मागून भीमेच्या कडेने निघायचं, पाऊण-एक तासात गुप्त भीमा. उगमापाशी दिसणारी नदी मधे जमिनीत लुप्त होते आणि इथे खडकांतून पुन्हा प्रकट होते, असं मानतात. मेच्या अखेरीला धबधबा नाही, खडकावरून बोटभर धार आणि खाली कमरेएवढं स्वच्छ डबकं. शेजारी उघड्यावर पिंड. आई धारेखाली ओंजळ धरून उभी राहिली. “एवढीशीच आहे की गं,” एवढंच म्हणाली, आणि पाणी डोळ्यांना लावलं. त्या वेळी आमच्या तिघांशिवाय तिथे कुणी नव्हतं.

पुढची वाट बहुतेक दाट सावलीतून जाते, उतार सौम्य. पण गुरांच्या वाटा फुटत राहतात आणि धुक्यात सगळ्या सारख्या दिसतात. स्थानिक वाटाड्या घ्याच. त्याला रोजगार मिळतो, तुम्हाला रान वाचायला मिळतं. आमच्या वाटाड्याने भेकराचे खूर दाखवले, अस्वल वाटावं असा रानडुकराने उकरलेला खड्डा दाखवला, आणि एक कुजकं ओंडकं दाखवून म्हणाला, “पावसाळ्यात रात्री हे उजळतं.” लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचा तो हिरवट उजेड भीमाशंकरच्या रानात ओल धरली की दिसतो. त्यासाठी पुन्हा यायचं ठरवलंय, वनखात्याची परवानगी काढून.

अर्ध्या वाटेत आभाळ भरून आलं. वारा एकदम थांबला, पाखरं गप्प झाली, आणि त्या शांततेत खालच्या ओहोळातून कुणीतरी सावकाश शीळ घालायला लागलं. वळण घेत, मधेच सूर विसरल्यासारखी थांबत, पुन्हा पहिल्यापासून. मला माणूसच वाटला. शीळकरी कस्तुर होता तो. पावसाची चाहूल लागली की गायला लागतो. पाठोपाठ वीज कडाडली. वाटाड्याने आम्हाला उघड्या सड्यावरून घाईने झाडीत उतरवलं, उंच एकट्या झाडापासून लांब बसवलं. दहा-पंधरा मिनिटं टपोरे थेंब पडले, मातीचा वास उठला, आणि थांबलं. पावसाळ्याच्या तोंडावर ही वाट करणार असाल तर सकाळी लवकर निघून दुपारच्या आत उतरा, कारण वळवाच्या विजा दुपारनंतरच्या.

बाराला भोरगिरीत पोचलो. नदीकाठचं कोटेश्वराचं जुनं देऊळ, मागे लेणी असलेला भोरगिरीचा छोटा किल्ला. किल्ल्यावर जायची ताकद उरली नव्हती. देवळापाशी सावलीत भाकरी सोडली. वाटाड्याला आम्ही ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले. त्याने ठरलेलेच घेतले, उरलेली करवंदं मात्र मागून घेतली, आणि आल्या वाटेने परत चढायला लागला.

भोरगिरीहून राजगुरुनगरला एसटी आहे, पण मोजक्या फेऱ्या. वेळ आधी विचारून ठेवा, नाहीतर वाडा गावापर्यंतच्या जीपची वाट बघावी लागते. सोबत सुटे पैसे हवेत, चारही दिवसांत ऑनलाइन पैसे क्वचितच चालले.

आम्हाला तीनची बस मिळाली. वाड्याच्या अलीकडे खरा पाऊस लागला. खिडक्या बंद करेपर्यंत आईचा पदर भिजला, तिने तो पिळलाही नाही. हिरड्यांची पुरचुंडी तेवढी पिशवीत खोल सरकवली आणि काचेवर हात फिरवून बाहेर बघत राहिली.

“आहुप्याला पोचला असेल का गं?”

मी फोन लावून बघितला, आहुप्याला लागला नाही. दोन दिवसांनी रात्री मावशींच्या मुलाचाच आला. कड्यावर जाऊन, रेंज शोधून केला होता. वाऱ्याच्या आवाजात त्याचं एकच वाक्य नीट ऐकू आलं. बाबांनी सांगायला सांगितलंय, परवाच्या पावसाने बी रुजलं.